भाचीचं स्थळ आणि परमिट रूम

आमच्या घराण्यात मुलीसाठी आलेल्या मुलाला आई-वडील पोहे देऊन बघतात आणि मामा त्याला एकदा बाहेर ‘बसवून’ बघतो. कुठे थांबायचं हे त्याला कळतं का, एवढंच पाहायचं असतं. भाचीने हा मुलगा स्वतःच पसंत केला होता. तरी बहीण मला म्हणाली, "तू बघ. तू नाही म्हणालास तर माझंही नाहीच."

मुलगा इंदूरच्या मराठी घरातला, पुण्यात नुकताच नोकरीला आलेला. सुट्टी बघून त्याने दोन ऑक्टोबर ठरवला. मी फोनवर म्हटलं, "त्या दिवशी फक्त पोहेच मिळतील. ड्राय डे असतो." तो हसला आणि शनिवारवर आला.

शनिवारी संध्याकाळी कामोठ्यातल्या आमच्या घरातून निघताना त्याने गाडीची किल्ली आपणहून टेबलावर ठेवली. "रिक्षाने जाऊ या, मामा." इथे मी त्याला मनात पहिले गुण दिले.

हायवेलगतच्या हॉटेलसमोर उतरल्यावर तो पाटीकडे बघत राहिला. "परमिट रूम म्हणजे काय हो? परमिट कोणाला, खोलीला की आपल्याला?"

या पाट्या मी इतकी वर्षं वाचतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मात्र पाहुणा परराज्यातला म्हणून नियम वाचून ठेवले होते. "दोघांनाही," मी म्हटलं. "महाराष्ट्रात पिणाऱ्याच्या नावाचा परवाना लागतो. एका दिवसाचा असतो, वर्षाचा असतो, आजन्मही असतो."

"आजन्म? सरकारचा माणसावर केवढा विश्वास! तुमच्याकडे कुठला?"

"आजन्म."

मग तो एकेक विचारतच गेला. कर्नाळ्याला बाटली नेली तर? अभयारण्यात चालत नाही, मी सांगितलं, आणि बाहेर रस्त्याकडेला गाडीत बसून घेतली तरी पोलीस धरू शकतात. गोव्याहून येताना चार बाटल्या आणल्या तर? त्याला वाहतुकीचा परवाना वेगळा, नाहीतर वाटेत तपासणीत जप्त.

"म्हणजे इथे प्यायचं तर आधी अभ्यास करून यायला हवं," तो म्हणाला.

वेटर आला. मी दोन व्हिस्की सांगितल्या, याच्यासाठी एका दिवसाचा परवाना मागितला आणि उरलेला नियमही पुरा केला. "वयाचंही आहे. वाइन आणि सौम्य बिअर एकविसाव्या वर्षापासून. बाकी सगळ्याला पंचवीस पूर्ण."

तो वेटरकडे वळला. "मग माझी व्हिस्की बिअर करा. मला पंचवीस फेब्रुवारीत होतात."

वेटर म्हणाला, "साहेब, इथे कोण विचारतंय?"

"मामांनी आत्ताच सांगितलं ना."

माझा हात मेनूकार्डावरच राहिला. भाचीला सव्वीस पूर्ण झाली होती. आणि तिने घरी याचं वय अठ्ठावीस सांगितलं होतं, कारण मुलगा मुलीपेक्षा लहान म्हटल्यावर बहिणीने बोलणी तिथेच थांबवली असती. मी ते त्याला स्पष्ट सांगितलं.

तो म्हणाला, "हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर व्हिस्कीच घेतली असती, असं म्हणू का?"

"नको म्हणूस."

"तुम्ही काय सांगणार?"

"आहे तेच."

त्याने एक बिअर घेतली आणि थांबला.

सकाळी बहिणीला फोन केला. मुलगा थांबतो, गाडी घरी ठेवतो, इथपर्यंत ती खूश होती. मग वय सांगितलं, तेव्हा तिने आधी कुकरचा गॅस बंद केला.

"तुला कसं कळलं?" तिने विचारलं.

"कोणी विचारत नसताना त्यानेच सांगितलं. व्हिस्कीला पंचवीस लागतात म्हणून बिअर मागवली."

"आणि माझ्या पोटच्या पोरीने मला फसवलं."

"तिच्याशी तू बोल. मला मुलगा बघायला सांगितला होतास, तो मी बघितला. माझं हो आहे."

तिने विचारलं, "फेब्रुवारीत म्हणालास ना?"

"हो."

"मग मुहूर्त फेब्रुवारी झाल्यावरचा बघू. निदान लोकांना पंचवीस तरी खरं सांगता येईल."