मासळी बाजारातली हरकत

मी जात्याच भित्री. पाल दिसली की खोली सोडते, आणि दारावर अनोळखी थाप पडली तर आधी कडी लावते, मग आतून "कोण आहे?" विचारते. अशा बाईला नगरपरिषदेच्या समितीवर घ्यायची बुद्धी कुणाला झाली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. किंवा कळलंय, पण सांगायला लाज वाटते. ही काही तोंड उघडणार नाही, याची त्यांना खात्री असावी.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. शेजारी नवीन पनवेल आखीवरेखीव उभं राहत होतं आणि त्याच्याकडे बघून आमच्या जुन्या गावाला आपली बाजारपेठ फार गबाळी वाटायला लागली होती. नगरपरिषदेनं तिचा पुनर्विकास करायचं ठरवलं, आणि लोकांचं म्हणणं कळावं म्हणून एक नागरिक सल्लागार समिती नेमली. समितीत एक तरी बाई हवी, असं वरून आलं होतं. मी घरी शिवणक्लास चालवायची. गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांच्या बायका माझ्याकडे ब्लाउज बेतायला शिकलेल्या. तेवढ्यावर माझी वर्णी लागली.

"अगं, नुसता सल्ला तर द्यायचाय," आमचे हे म्हणाले. "मला घरात देतेसच की. मी तरी कुठे ऐकतो?"

हे मुंबईला बँकेत होते. सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळच्या एसटीनं यायचे, आणि मधल्या वेळात माझ्या जिवाचं काय होतं याची त्यांना कल्पना नसायची. पहिल्या बैठकीच्या दिवशी मला ताप भरला, खराखुरा. तरी गेले, कारण येत नाही म्हणून कळवायचं तर कुणाशी तरी बोलावं लागलं असतं.

सभागृहात टेबलावर थर्माकोलची बाजारपेठ मांडली होती. तीन मजली पांढरी इमारत, हिरव्या भुशाची झाडं, खेळण्यातल्या मोटारी. अध्यक्ष एक निवृत्त इंजिनिअर होते. सज्जन माणूस, पण आराखडा समोर आला की त्यांना माणसं दिसायची बंद व्हायची. त्यांच्या शेजारी व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी बसायचा. त्याचं कापडाचं दुकान होतं आणि अलीकडे त्यानं बांधकामाचाही धंदा काढला होता. नवी इमारत कोण बांधणार हे अजून ठरायचं होतं, पण थर्माकोलच्या गच्चीवरची धूळ तो रुमालानं ज्या मायेनं पुसत होता ते बघून माझ्या मनात शंका उरली नाही.

मी त्यात मासळी बाजार शोधत होते. तो जिथे असायला हवा, तिथे त्या खेळण्यातल्या मोटारी उभ्या होत्या.

"मासळी हायवेच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला हलवायची," अध्यक्षांनी सांगितलं. "वासाचा प्रश्न कायमचा सुटेल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र मावशी आठवली.

मावशी म्हणजे माझी मासेवाली. लग्न होऊन पनवेलला आल्यापासून मी तिच्याकडूनच मासळी घ्यायची. ती उरणच्या वाटेवरच्या एका गावातली. तिची भातशेती नव्या शहरात गेली, मिठागर बंद पडलं, नवरा अंथरुणाला खिळला. राहिला होता तो सासूकडून आलेला मासळी बाजारातला दगडी ओटा. त्या एका ओट्यावर तिचं सगळं घर चालत होतं. आपण भाजी घेता घेता कोळंबीचा वाटा घेतो, नुसत्या कोळंबीसाठी कुणी हायवे ओलांडून जात नाही. ओटा गेला की तिचं घर बसणार, हे कुठल्याही बाईनं सांगितलं असतं.

मी दुसऱ्याच दिवशी तिच्या कानावर घातलं. ती जिताड्याचे खवले काढत होती.

"चालंना का त्यांचं काय चाललंय ते," ती हसून म्हणाली. "तू हाय ना त्या कमिटीत? मंग आमाला कशाचं भ्या?"

"अगं मावशी, आमच्या हातात काही नसतं. आम्ही नुसता सल्ला देतो."

"मंग दे ना सल्ला. सांग त्यांना, मावशीचा ओटा ऱ्हाऊ द्या."

नगरपरिषदेत लेखी हरकत द्यावी लागते, अर्ज मी लिहून देते, असंही म्हणून बघितलं. "अर्जबिर्ज कशाला? तू हाय ना," एवढंच तिचं उत्तर. आजूबाजूच्या ओट्यांवर ओरडून तिनं सांगितलं, "आपली बाय हाय गो तिथं!" आणि वर दोन बोंबील जास्त टाकले. ते बोंबील त्या दिवशी माझ्या घशाखाली उतरेनात. मी कशाकशाला भिते त्याची यादी मोठी आहे, पण कुणीतरी माझ्या भरवशावर निर्धास्त बसलंय, ही भीती मला नवी होती. पालीला हुसकावता तरी येतं.

त्यानंतर एका दुपारी व्यापाऱ्यांचा तो प्रतिनिधी घरी आला. क्लास चालू होता, मुली मशीनवर बसल्या होत्या. त्यानं पेढ्यांचा पुडा मशीनच्या फळीवर ठेवला.

"वहिनी, सहज आलो. मासळी बाजारात तुमचं बरंच जाणं-येणं असतं म्हणे."

मी म्हटलं, "मासे खातो आम्ही."

"हो, हो, खायलाच पाहिजेत." तो हसला. "साहेब सातच्या एसटीनं येतात ना? स्टँडपासून तुमच्या गल्लीपर्यंत दिवे नाहीत बघा. समितीत एकदा हा विषय घ्यायला हवा. माणूस अंधारात कुठे धडपडेल, काही सांगता येत नाही."

त्याच्या बोलण्यात वावगा असा एकही शब्द नव्हता. दिव्यांबद्दलच बोलला बिचारा. पण तेव्हापासून मी रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन स्टँडवर जाऊन उभी राहायला लागले. हे आपले खुशीत. "नव्या नवरीसारखी वाट बघतेस, लोक काय म्हणतील?" म्हणायचे. मी कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे त्याच्या दुकानात जाऊन भांडले असते, आणि मग मला एका बॅटरीनं भागलं नसतं.

सुनावणी शुक्रवारी होती. सभागृहात ज्यांची दुकानं, गाळे, ओटे जाणार होते ते सगळे दाटीवाटीनं बसले होते. मावशीला तो व्यापारी स्वतः घेऊन आला. पहिल्या रांगेत खुर्ची दिली, कपबशीतून चहा दिला. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, केसात अबोलीचा गजरा माळून आली होती. मला बघून तिनं सगळ्यांदेखत हात हलवला. मी हात अर्धवट वर केला आणि लगेच पदराखाली घेतला.

तिची पाळी आली तेव्हा अध्यक्षांच्या आधी तोच वाकून गोड आवाजात म्हणाला, "मावशी, सगळ्यांच्या सोयीसाठी तुम्हाला थोडं सरकावं लागेल. तुमची काही हरकत?"

"नाय रं बाला," मावशी म्हणाली. "हरकत कसली? सरकीन की."

अध्यक्ष कारकुनाकडे वळले. "लिहा. मासळी विक्रेत्यांची हरकत नाही."

हरकत नाही. हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो. पाहुणा उशिरा आला, हरकत नाही. चहात साखर कमी पडली, हरकत नाही. मावशीच्या लेखी सरकणं म्हणजे शेजारणीच्या टोपलीला वीतभर जागा करून देणं. त्या भल्या शब्दावर तिचा ओटा जात होता आणि ती बशीतला चहा फुंकत होती.

मी उभी राहिले हे मला माझी खुर्ची मागे पडल्याच्या आवाजानं कळलं. सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. तो व्यापारीही बघत होता. डोळ्यांसमोर ती बिनदिव्याची गल्ली आली.

"माझी... माझी हरकत आहे," मी म्हटलं.

"कशाला?" अध्यक्षांनी चष्मा वर केला.

"मावशीच्या... या मावशींच्या ओट्याला..."

पुढचे शब्द येईनात. ततपप झालं नुसतं. मागे कुणीतरी हसलं. "वहिनींना पाणी द्या," तो व्यापारी म्हणाला. मी दोन घोट प्यायले आणि मग कुठे "हात लावायला" एवढे राहिलेले दोन शब्द बाहेर पडले. पण तोपर्यंत मावशी बशी खाली ठेवून दाराबाहेर गेली होती. तिनं ऐकलं ते एवढंच, की मावशीच्या ओट्याला माझी हरकत आहे.

अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की एकट्या सदस्याच्या म्हणण्याला तसा अर्थ नाही. सोमवारी मुदत संपते, तोवर बाधितांनी स्वतः लेखी दिलं तर बघू, नाहीतर लिहिलंय ते कायम. जिन्यात तो व्यापारी माझ्यामागून उतरला. "दिव्यांचा विषय आजही राहिलाच, वहिनी," म्हणाला आणि पुढे निघून गेला.

त्या संध्याकाळी सातची एसटी आली नाही. मी स्टँडवर बॅटरी घट्ट धरून उभी होते. बस मुंबईहून यायची आहे, तो व्यापारी इथे पनवेलला बसून तिचं काय करणार, असं मनाला समजावत होते, पण भ्यालेलं मन कधी कुणाचं ऐकतं का? शेवटी एक बस आली आणि हे डबा हलवत उतरले. "पंक्चर," म्हणाले. मी भर स्टँडवर रडायला लागले. मग वाटेत सगळं सांगितलं. हे त्या दिवशी एकदाही चेष्टा करून बोलले नाहीत. माझ्या हातातली बॅटरी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि घरापर्यंत मला भिंतीच्या बाजूनं चालवलं.

शनिवारी सकाळी मी मासळी बाजारात गेले. खरं सांगते, त्या व्यापाऱ्यापेक्षा मला मावशीच्या समोर जायची जास्त भीती वाटत होती. एरवी आत शिरताच चारी बाजूंनी "ये गो बाय" सुरू व्हायचं. त्या दिवशी एकीनंही हाक मारली नाही. मावशीनं वर बघितलं नाही. कोयता चालूच ठेवला.

"कशाला आलीस?" ती म्हणाली. "तुझी हरकत हाय ना माझ्या ओट्याला?"

मी सांगायला लागले. उभ्यानंच, पिशवी छातीशी धरून. सरकायचं म्हणजे हायवेपलीकडे जायचं, हे सांगितलं. तिच्या तोंडून गेलेला शब्द कारकुनानं कसा उतरवून घेतला, माझं वाक्य कुठे अडकलं, तेही सांगितलं. कोयता थांबला.

"म्हंजे मी हरकत नाय बोलली, तं माझा ओटा जानार?"

"सोमवारपर्यंत तू स्वतः जाऊन सांगितलं नाहीस तर जाणार."

"पन तू सांगलंस ना त्यांना?"

"माझ्या सांगण्याला तिथे किंमत नाही, मावशी. मी तिथे कुणीच नाहीये."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी विनोद करतेय की काय, हे ती बघत होती. मग तिनं कोयता बाजूला ठेवला, ओला हात लुगड्याला पुसला आणि ओट्याच्या दगडावरून फिरवला, पुढच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत. तिचा चेहरा पडला होता. शेती गेली, मिठागर गेलं ते सांगतानाही मी तिला कधी तशी बघितली नव्हती.

"मना वाटलं, तू हाय," ती म्हणाली.

तिला घाबरवायलाच मी गेले होते. ती घाबरल्याशिवाय सोमवारी जिना चढणार नव्हती. पण तिला घाबरलेली बघून मला तिथून पळून जावंसं वाटलं. पळाले नाही. दुपारपर्यंत पालथ्या टोपलीवर बसून बाजारातल्या एकेका बाईचा अर्ज लिहिला, आणि प्रत्येकीनं वाकून मला तोच प्रश्न विचारला, की बाय, जाईल का गो ओटा? प्रत्येकीला मी "माहीत नाही" एवढंच सांगितलं.

सोमवारी सगळ्या जणी गेल्या. अर्जांवर अंगठे उमटले. नगरपरिषदेच्या जिन्याला दोन दिवस बोंबलाचा वास येत होता म्हणे.

आराखडा बदलला. मासळी गावातच राहिली, नव्या इमारतीच्या मागच्या अंगाला, तळमजल्यावर. बांधकाम त्याच व्यापाऱ्याला मिळालं. ह्यांना कुणी काही केलं नाही. आमच्या गल्लीत दिवे मात्र पुढे कितीतरी वर्षं आले नाहीत. समितीची मुदत संपली तेव्हा मला शाल-नारळ देण्यात आला आणि मी सुटले.

मावशीला पांढऱ्या टाइल्सचा नवा ओटा मिळाला. मी अजून तिच्याकडूनच मासळी घ्यायची. पण आता मला लांबून बघितलं की ती हसायच्या आधी माझ्या हातांकडे बघायची, कागद आहे की पिशवी. मग पुढे वाकून, शेजारणीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारायची, "बाय, काय नवीन काढलं नाय ना त्यांनी?"

"नाही गं मावशी."

"नक्की?"

मी आता कुठल्याच समितीवर नव्हते. मला काही म्हणता काही माहीत नसायचं. तरी मी "नक्की" म्हणायची. मग ती वाटा उचलून पिशवीत टाकायची, पण डोळे माझ्या तोंडावरच असायचे.