'बॅटर'च्या चिठ्ठीवरची तीन वाक्यं

लेकीचा अंगठा काही केल्या बाईंच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. गेल्या महिन्यात ती आली तेव्हा नख काळंनिळं झालं होतं, मुळापासून सुटलेलं. "ड्रॉवरमध्ये सापडला," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली.

"तुमची लेक भलतीच वेंधळी हो, आई," जावई हसले. "ड्रॉवरसुद्धा हिच्यावर डूख धरून असतात!" आणि हसता हसता त्यांनी तोच अंगठा मुठीत धरून आवळला. लेकीचे डोळे भरून आले. बाईंनी मान खाली घालून कपात आणखी चहा ओतला.

बत्तीस वर्षं बाई इंग्रजी-मराठी कोशाचं काम करत होत्या. दर चिठ्ठीवर एक शब्द : अर्थ, उगम आणि वापराचं वाक्य. वाक्य घडलेल्या गोष्टीचंच हवं, रचलेलं चालणार नाही, हा त्यांचा हट्ट. लेक सात वर्षांची असताना तिने 'बाइट'साठी लिहून दिलं : "कोपऱ्यावरचा कुत्रा पोस्टमनच्या डाव्या पोटरीला चावला." बाईंनी पोस्टमनला विचारलं. बिचाऱ्याने मुकाट्याने पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली. तेव्हापासून वाक्यं पुरवायचं काम लेकीचं, अगदी लग्नानंतरही.

आज 'बॅटर'ची पाळी होती. अर्थ : एकसारखे घाव घालणे, मोडेपर्यंत बडवणे. उगम : जुनी फ्रेंच, तिच्यामागे लॅटिन, मूळ अर्थ मारणे. लढाईचा 'बॅटल'ही त्याच घरचा. 'सगळं घराणंच मारकुटं,' म्हणत बाईंनी वाक्यासाठी लेकीला निरोप धाडला.

दुपारी चारला उत्तर आलं. एक नव्हे, तीन वाक्यं.

"तो बाथरूमचं दार वीस मिनिटं इस्त्रीने बडवत होता."

"कडीचा वरचा स्क्रू उडाला, तेव्हा तिने दाराला पाठ लावली."

"फळी फुटली आणि इस्त्रीचं टोक तिच्या खांद्यात घुसलं."

बाईंनी लगेच फोन लावला. "कधी झालं हे?"

"काल. आता तो कामावर आहे. सातला येईल."

"मी पोलिसांना..."

"नको गं! मागे शेजारच्या काकूंनी नुसती बेल वाजवली होती. त्या गेल्या आणि त्याने माझा अंगठा ड्रॉवरमध्ये घालून वर लाथ मारली. तू आपली चिठ्ठी लिही."

"मग एकाऐवजी तीन कशाला पाठवलीस?"



"तू पडताळून बघतेस ना, आई."

फोन कट झाला. साडेचार वाजत आले होते. लेकीचं 'नको' कानात घुमत होतं आणि काकूंच्या बेलची किंमतही आता ठाऊक झाली होती. पण गेल्या महिन्यात मान खाली घालून ओतलेला तो चहाही बाईंना आठवला. त्यांनी तिन्ही वाक्यं समोर ठेवली, लेकीचा पत्ता वर लिहिला, यातला एक शब्द बदलायचा नाही असं स्वतःला बजावलं आणि पोलिसांचा नंबर दाबला.