सैल राहिलेला दोरा

डॉक्टरांनी माझ्या विलासच्या हाताचा एक्स-रे खिडकीकडे धरला आणि विचारलं, "मुलगा केवढा?"

"सोळा पुरी झाली, साहेब."

"हाडं बारा वर्षांची दिसतायत." मग इंग्रजीत म्हणाले, डिलेड प्युबर्टी. म्हणजे पोर वेळेवर वयात आलेलं नाही. आवाज फुटला नाही, मिसरूड नाही, उंची अडलेली. ऐकून मी बाकावर बसलो.

मी माथेरानला हॉटेलात आचारी. पावसाळ्यात हॉटेल बंद, तेवढेच महिने कशेळ्याजवळ घरी. बाकी वर्षभर पाहुण्यांना आम्लेटं, मटण, खिरी. माझ्या हातचं खाऊन माणसं गाल वर काढून डोंगर उतरायची, आणि माझं पोरगं घरी पेज पीत होतं.

मुंबईचं एक कुटुंब दर मे महिन्यात यायचं. त्यांचा मुलगा विलासच्याच वयाचा. त्या वर्षी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन "काका, अजून एक आम्लेट" म्हणाला आणि मी दचकलोच. आवाज पार बाप्याचा! घरी आलो तर विलास अजून माझ्या छातीशी. पोरं 'बाळ्या, बाळ्या' करून चिडवायची म्हणून त्यानं आधी कबड्डी सोडली, मग शाळा. शेजारीपाजारी कुजबुजायचे, याचं काय खरं नाय. हे पोर कधी बाप्या होणार की नाही, या एका धास्तीनं मी त्याला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कल्याणला पाठवलं.

रक्त तपासलं, शौच तपासलं, बाकड्यांवर बसून बसून कंबर धरली. हिमोग्लोबिन कमी निघालं, म्हणजे अंगात रक्तच नाही. आणि पोटात हुकवर्म, म्हणजे जंत.

"शेतात अनवाणी जातो?"

"चिखलात चपला कोण घालतं, साहेब?"

"तिथूनच ते तळव्यातून शिरतात. आतड्याला चिकटून रक्त पितात. बरं, हा खातो काय?"

विलासची आई पुढं झाली. "पेज. बिनतेलाची भाजी. पथ्य हाय त्याला, काविळीचं."

"कावीळ कधी झाली?"

"झाली की तीन वर्सं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आमच्याकडे कावीळ झाली की डोंगरातल्या वाडीवर म्हादूबाबांकडे जायचं. ते मुळी उगाळून द्यायचे, दंडाला काळा दोरा बांधायचे आणि तेल, डाळ, अंडं, मासळी सगळं बंद करायचे. बरं वाटलं की पुन्हा जायचं. त्यांनी दोरा तोडला की पथ्य सुटलं. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. विलासची कावीळ उतरली, पण दोरा तोडायच्या आत बाबाच वारले. मग सोडणार कोण? बाबांना मी बोल लावत नाही, ते असते तर महिन्याभरात सोडलं असतं. पोराला मोह नको म्हणून त्याच्या आईनं स्वतः सुकटसुद्धा तोंडाला लावली नाही. आणि मी? बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून गंडेदोरे न मानणारा! तो दोरा बघून बायकोवर ओरडायचो, पण पोराच्या ताटात काय पडतं ते एकदाही वाकून बघितलं नाही.

त्याला दाखल करून घेतलं. जंतांचं औषध, लोहाच्या गोळ्या, रोज अंडं. पहिल्याच सकाळी त्यानं अंडं बाजूला सारलं. "बाबांनी सोडलं नाय."

"गाढवा, बाबा मेले रं!" मी असा ओरडलो की सगळा वॉर्ड बघायला लागला. त्याची आई रडायला लागली.

डॉक्टर आले. रागावले नाहीत. विलासची बाही वर केली आणि दोऱ्याखाली दोन बोटं घातली. सहज गेली.

"तेव्हाचा हाच दोरा?"

"हाच, साहेब."

ते माझ्याकडे वळले. "वाढत्या पोराच्या दंडाला हा कधीच रुतला असता हो."

दर पावसाळ्यात बघत होतो की तो दोरा!

"बाबा तोडताना काय म्हणायचे?" त्यांनी विलासच्या आईला विचारलं.

"जा, खा आता, म्हनायचे."

त्यांनी कात्री मागवली, दोरा कापला आणि म्हणाले, "जा, खा आता." आईकडे बघत बघत विलासनं अंडं खाल्लं.

हाडांच्या टोकाशी वाढीच्या फटी अजून उघड्या आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण गेलेलं सगळं भरून येणार नाही, हेही सांगितलं होतं. पुढच्या वर्षी एकदा विलासनं अंगणातून हाक मारली, तर त्याची आई आतून म्हणते, "कोण हाय?" आवाज फुटला होता! मिसरूडही आलं. उंची मात्र माझ्या खांद्याशी येऊन थांबली.

तुमच्या घरात असं पोर असेल तर थांबू नका. 'उशिरा वाढेल' म्हणत बसू नका. दवाखान्यात न्या, आणि त्याआधी त्याच्या ताटात वाकून बघा.

आता नातू आहे, विलासचा पोरगा. त्याच्या दंडाला काळा दोरा मीच बांधतो, लोक हसले तर हसू देत. "आजोबा, रुततोय!" म्हणत तो कुरकुरत आला की मी खुशीत कात्री काढतो. विलास तेव्हा आपला दंड चोळत बाजूला उभा राहतो.