यूच्या पोटातले दोन ठिपके

उम्म अल कुवैनच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रत्नागिरीचे एक चाचा दुकानांच्या बोर्डांची अक्षरं बसवतात. अक्षर चिकटलं की त्यावर तळहात ठेवून म्हणतात, "राहा बाबा आता इथेच."

एका जर्मन बाईंच्या बेकरीचा बोर्ड होता. पट्टी अरुंद निघाली, जर्मनमध्ये उच्चार बदलण्यासाठी यू या अक्षरावर देतात ते दोन ठिपके मावेनात.

"काढून टाका, चाचा. उद्या डिलिव्हरी आहे," मी म्हणालो.

"तिच्या बापाचं नाव आहे ते. अरबी अक्षराचा नुक्ता, म्हणजे ठिपका, असा काढशील काय? अक्षरच बदलेल."

त्यांनी ठिपके खाली, यूच्या पोटात बसवले.

दुसऱ्या दिवशी बाई बघतच राहिल्या. "आमच्या गावच्या स्टेशनवर अगदी असंच लिहिलंय!"

चाचांचे आभार मानायला मी वळलो, तेवढ्यात बाईंनीच त्या यूवर तळहात ठेवला. बराच वेळ काढलाच नाही.