प्रागमध्ये अनवाणी

चर्चच्या मागच्या दारातून माझा ग्रुप बाहेर आला आणि मी जागच्या जागी थिजले. एकाच्याही पायात काही नव्हतं. निम्मे मोज्यांवर, निम्मे अनवाणी, आणि खाली पावसाने भिजलेला दगडी रस्ता.

"बूट कुठे आहेत?" मी विचारलं.

"म्होरच्या दाराशी," दिगंबर पटेल म्हणाले. "देवाच्या घरात कोनी चपला घालून जाते का?"

मी चर्चला वळसा घालून पुढच्या दाराशी धावले. पायऱ्या लख्ख मोकळ्या. औषधालासुद्धा एक चप्पल नाही.

मी टूर मॅनेजर. तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता. मी मूळची मुधोळची, नोकरी हैदराबादच्या एका ट्रॅव्हल कंपनीत. टूर मॅनेजर म्हणजे गाइड नव्हे. गाइड शहर दाखवतो, टूर मॅनेजर माणसं सांभाळतो. कोणाचं व्हेज जेवण, कोणाची बीपीची गोळी, कोणाचं खिडकीवरून भांडण, सगळं माझ्याकडे. हा ग्रुप माझ्याच भागातला होता. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावांतले कापूसवाले शेतकरी, शिवाय निर्मल-मुधोळकडचे रिटायर्ड मास्तर आणि क्लार्क. "तुम्हारे लोग हैं, तुम ही संभालो," असं म्हणून राव सरांनी, म्हणजे माझ्या बॉसनी, तो माझ्या गळ्यात घातला होता.

आमच्या धंद्यात एका दिवसात एक शहर उरकायचं असतं. पहाटे व्हिएन्ना सोडायचं, प्राग बघायचं आणि संध्याकाळी पुढच्या मुक्कामाला निघायचं. त्यात चौकातलं जुनं घड्याळ, एक चर्च, पुतळ्यांचा दगडी पूल आणि टेकडीवरचा किल्ला. जुन्या शहरात बसला येऊ देत नाहीत. ती आपल्याला कडेला सोडते आणि लांब जाऊन उभी राहते. तिथे ड्रायव्हरला सलग विश्रांती घ्यावीच लागते. गाडीत एक यंत्र असतं, ते त्याचे तास मोजतं. मध्येच गाडी हलवली की विश्रांती मोडली आणि मग संध्याकाळी त्याला स्टिअरिंगला हात लावता येत नाही. सगळ्यांच्या बॅगा, म्हणजे जास्तीच्या चपलाही, त्या बसच्या पोटात होत्या.

बाकीच्यांचं कसंही निभावलं असतं. खरा प्रश्न होता तो वाघमारेबाईंचा.

वाघमारेबाई म्हणजे जिल्हा परिषद शाळेतल्या रिटायर्ड शिक्षिका. एकट्याच आल्या होत्या. जुना डायबिटीस, त्यामुळे पाय बधिर. आदल्या वर्षी अंगणात खडा रुतला तो त्यांना कळलाच नाही आणि शेवटी एक बोट काढावं लागलं. तेव्हापासून हैदराबादच्या डॉक्टरांनी पायाचं माप घेऊन बनवलेल्या मऊ रबराच्या चपला हाच त्यांचा आधार. बॅगेत दुसरा जोड नव्हता आणि दुकानातला कुठलाही जोड चालणार नव्हता. निघताना त्यांच्या लेकीने फोन केला होता. "ताई, आईले काई दिसलं नाई तरी चालंन. पायात चप्पल हाय का नाई, तेवढं पाहत राहा." मी हो म्हटलं होतं.

आणि बाई आल्या होत्या फक्त त्या पुलासाठी. त्यांच्या शाळेच्या ऑफिसात कोणीतरी लावलेलं एक परदेशी कॅलेंडर होतं, त्यावर तो पूल. वर्ष सरलं, कॅलेंडर काही कोणी काढलं नाही. रोज मस्टरवर सही करताना बाई तो पूल बघायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं की एकदा त्यावरून चालून यायचं.

मी परत मागच्या दाराशी आले. बाईंना आतल्या बाकावर बसवलं आणि माझा स्टोल त्यांच्या पायांना गुंडाळला.

"बाई, आता एक पाऊलबी टाकू नका."

"नाई टाकत. पन पूल किती दूर हाय व पोरी?"

"जवळच आहे."

"मंग चपला सापडल्या तं पाहू. नाई तं पाय घेऊन घरी जाऊ." त्या हसल्या, पण हातातल्या रुमालाला पीळ देत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

राव सरांना फोन लावला.

"चप्पल गई? किसकी?"

"सर, पूरे ग्रुप की."

सर म्हणाले, "नए दिला दो सबको."

"सर, एक मॅडम के पैर का मामला है। उनको दूसरी चलेगी नहीं।"

"तो उनको बस में बिठाओ।"

"बस को हिला नहीं सकते सर, ड्रायव्हर का रेस्ट चल रहा है।"

"तो तुम देखो," असं म्हणून सरांनी फोन ठेवला. बॉसचा सल्ला बहुतेक वेळा इथेच येऊन थांबतो.

मी पटेलांकडे वळले. दिगंबर पटेल म्हणजे ग्रुपचे स्वयंघोषित पुढारी. मोठा कापूसवाला शेतकरी, आवाज असा की माइक लागू नये. चपला काढायचा हुकूम त्यांचाच. मी त्या वेळी जेवणाच्या हॉटेलात निरोप द्यायला गेले होते आणि आमची लोकल गाइड हाना आत तिकिटं काढत होती. हिंदू काय, बौद्ध काय, विहार असो की मंदिर, चप्पल बाहेर यावर आमच्याकडे दुमत नाही. सगळ्यांनी मुकाट्याने काढल्या. आत हानाला वाटलं, ही आमची रीतच असेल, आणि तिने सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं.

"पन आमी काई येडे नाई," पटेल म्हणाले. "चपलावाल्याच्या ताब्यात देल्ल्या ना!"

"कोण चपलावाला?"

"पायरीवर वाटी घेऊन बसला होता तो. त्याच्या वाटीत नाणं टाकलं, चपला दाखवल्या, हात जोडून सांगतलं, बापा, तुह्या हवाली. त्यानंबी हात जोडले. मानूस चांगला वाटला."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडे देवळाबाहेर चपला सांभाळणारा बसतो. इथे पायरीवर वाटी घेऊन बसतो तो भिकारी.

हानाला हे समजावून सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग तिचा चेहरा बदलला. पलीकडच्या फुलवालीकडे ती धावत गेली आणि तशीच धावत आली. त्या माणसाने फुलवालीची हातगाडी मागून घेतली होती, सगळ्या चपला भरल्या होत्या आणि मागच्या गल्लीत नन चालवतात त्या अन्नछत्रात नेल्या होत्या. बेघर लोक दुपारी तिथे सूप प्यायला येतात. कपडे, बूट दान आलेले असले तर तेही घेऊन जातात.

"दुपारी म्हणजे कधी?" मी विचारलं.

"आत्ता," हाना म्हणाली.

आम्ही पळालो. मी, हाना, आणि आमच्या मागे मोज्यांवर पटेल. ओल्या दगडांवरून ते दोनदा घसरले, पण माघारी फिरले नाहीत.

अन्नछत्रात लांब टेबल मांडलं होतं आणि त्यावर माझा अख्खा ग्रुप. म्हणजे त्यांचे बूट. लोक हातात घेऊन बघत होते. एक बाई आमच्या क्लार्क साहेबांच्या सँडलमध्ये पाय घालून बघत होती. वाटीवाला माणूस टेबलाच्या टोकाशी लग्नघरच्या यजमानासारखा उभा होता. पटेलांना बघून त्याने पुन्हा हात जोडले.

हानाने त्याच्याशी बोलून मला सांगितलं, "तो म्हणतो, तुमच्या सरदाराने सगळ्यांच्या वतीने गरिबांना दान दिलं. असं दान त्याने आयुष्यात पाहिलं नाही. एकट्याने घेणं बरोबर वाटलं नाही, म्हणून इथे आणलं."

पटेलांचा आवाज पहिल्यांदाच बसलेला मी ऐकला. "आरे बापा, मी तं सांभाळ म्हनलं होतं."

दिलेलं दान परत मागण्याइतकी लाज दुसरी नाही. मी ननपुढे उभी राहून, हाना सांगेल तसं, सगळं खरं सांगितलं. नन ऐकत राहिली, मग तोंडावर हात धरून हसायला लागली. तिने लोकांना काहीतरी सांगितलं. तेही हसले आणि एकेक जोड टेबलावर परत येऊ लागला. सँडल घातलेल्या बाईने ती काढून, पुसून ठेवली. मला तिच्याकडे बघवेना.

मी जोड तपासत होते. जवळजवळ सगळे होते. वाघमारेबाईंच्या चपला नव्हत्या.

पुन्हा बघितलं. टेबलाखाली बघितलं, हातगाडीत बघितलं. "रबराच्या, जाड तळाच्या, मोठे पट्टे," मी हानाला सांगत होते आणि माझा आवाज चढत होता. नन कपाळाला आठ्या घालून आठवत होती. मग तिने कोपऱ्यातलं एक खोकं पुढे ओढलं. त्यात फाटकेतुटके, टाकून द्यायचे बूट होते. सगळ्यात वर बाईंच्या चपला. इतक्या बेढब, की कोणी घालून बघायच्याही लायकीच्या समजल्या नव्हत्या.

मी त्या छातीशी धरल्या आणि मला चक्क रडू आलं.

निघणार तेवढ्यात दाराशी एक म्हातारा दिसला. त्याच्या पायात पटेलांचे नवे कोरे, खास टूरसाठी घेतलेले बूट होते. नन त्याला हाक मारणार, तोच पटेलांनी तिला थांबवलं.

"राहू द्या, राहू द्या. देवाच्या दारात चपला गेल्या का साडेसाती जाते म्हनतात. माही इथं गेली म्हना." ननने त्यांना दानातले काळे, जडशीळ बूट दिले. ते घालून ते दिवसभर लष्करातल्यासारखे ठाक ठाक चालत होते आणि दर पाच मिनिटांनी विचारत होते, "हलकं वाटून राह्यलं व, खरंच साडेसाती गेली का?"

किल्ला राहिला. तो आम्ही पुलावरूनच बघितला. राव सरांना नंतर मी कळवलं की किल्ला लांबून पाहिला, फार छान दिसतो.

वाघमारेबाई तो पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालल्या. प्रत्येक पुतळ्यापाशी थांबल्या. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर बाकावर बसल्या, चपला काढल्या आणि दोन्ही पाय माझ्यापुढे केले.

"पाह्य पोरी. मले काई कळत नाई. तूच सांग."

मी खाली बसून बोटांच्या फटींपासून टाचांपर्यंत सगळं नीट बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता. तसं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मंग परत जाताना पुन्हा पुलावरूनच जाऊ."

बस निघण्याआधी टूर मॅनेजर हेड काउंट करतो, म्हणजे सगळ्यांची डोकी मोजतो. तसा नियम आहे, मीही मोजते. पण त्या दिवसापासून मी आधी पाय मोजते. डोकं हरवलेला माणूस आमच्या टूरवर चालतो, चप्पल हरवलेला नाही.