सुनेनं धाडलेली बाटली

लोणावळ्याच्या बाजारात अब्बांचं कंदिलाच्या काचांचं दुकान होतं. मुंबईहून गवतात गुंडाळलेल्या काचांची खोकी यायची. अब्बा एकेक काच उचलून आधी उजेडासमोर धरायचे आणि मग नखानं टिचकी मारायचे. सबंध काच टण्ण वाजायची. तडा गेलेली बद्द वाजायची, मग तो तडा केसाएवढा का असेना. शाळा सुटली की मी समोर बसून त्यांच्याआधी तडा हुडकायला बघायचो आणि नुसत्या डोळ्यांवर विसंबून बहुतेक वेळा हरायचो. "बेटा, बघून काय होतंय? टिचकी मार की," असं म्हणून अब्बा हसायचे.

पुढं मी मुंबईला डॉक्टर झालो आणि पॅथॉलॉजी घेतली. का घेतली ते खरं सांगतो. मी पहिल्यापासूनच माणूसघाणा. वॉर्डातल्या रोग्यानं पोटदुखीपासून सुरुवात करावी आणि भावकीच्या भांडणावर यावं, याचा मला संताप यायचा. त्यापेक्षा मायक्रोस्कोपखालची काचपट्टी बरी, विचारलं तेवढंच सांगते. आमचे प्राध्यापक एकदा म्हणाले, "काच तुम्ही छान वाचता. पण ती कुणाची, हे कधी विचारत नाही." मी ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

शिक्षण संपवून गावी परतलो, तेव्हा एका लहानशा धर्मादाय दवाखान्यानं मला माडीवरची खोली दिली. तिथं एक जुना पितळी मायक्रोस्कोप होता. त्याच्या आरशावर ऊन घ्यायचं आणि बघायचं. पण लोणावळ्याचं धुकं खिडकीतून थेट टेबलावर येऊन बसायचं. पावसाळ्याचे चार महिने ऊन औषधालासुद्धा मिळत नसे. मग मी कंदील लावून काम करायचो. त्याची काच अब्बा स्वतः निवडून आणून द्यायचे, एकही बुडबुडा नसलेली. बाजारात लोक त्यांना छेडायचे, "काय हो, मुंबईला एवढं शिकून पोरगा थुंक्या तपासतो होय?" अब्बा शांतपणे म्हणायचे, "मीही काच बघतो, तोही काच बघतो. बापाचाच धंदा चालवतोय." निळ्या रंगानं माखलेली माझी बोटं ताटात दिसली की आई कपाळाला हात लावायची. त्या घराची, त्या बोलण्यांची आठवण आली की अजून मन भरून येतं.

अशाच एका श्रावणात आंदर मावळातून एक आबा आले. कामशेतपर्यंत चिखलातून चालत आणि पुढं गाडीनं. पावसानं निथळणारं इरलं दाराशी ठेवून त्यांनी पांढऱ्या फडक्यात बांधलेली बाटली माझ्यापुढं धरली.

"सुनंची हाय, सायेब. लय खोकती. तिला चालवत न्हाई, म्हनून मी आलो. लोक म्हनत्यात क्षय हाय."

"बरं, ठेवा तिथं."

"पाच म्हयन्याची पोर हाय तिला, अंगावर पिती. काय निघालं, तर लेकराला तिच्यापून तोडावं लागंल." एवढं बोलून आबा भिंतीशी टेकून बसले.

फडकं सोडलं आणि मला बरं वाटलं. हो, चक्क बरं वाटलं! लोक गंजकी डबडी आणायचे, आणि इथं घासून लख्ख केलेली बाटली, तोंडावर तुळशीचं पान, आत पाण्यासारखी नितळ थुंकी. मी काचपट्टी केली, रंग दिले. क्षयाचे जंतू असले की निळ्यावर बारीक लाल काड्या दिसतात. अर्धा तास शोधलं, एकही नव्हती. गालाच्या आतल्या कातडीच्या चपट्या पेशी तेवढ्या होत्या. छातीतून आलेल्या बेडक्यात जे असतं, त्यातलं काहीच नव्हतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तिथं अडखळला असता. मी अडखळलो नाही. 'क्षयाचे जंतू नाहीत' असं झोकात लिहून खाली सही ठोकली. आबांनी तो कागद कपाळाला लावला.

दिवाळीनंतर आबा पुन्हा आले, नवा आंबेमोहोर तांदूळ घेऊन. खोलीभर वास सुटला. तांदळात हात घालून मी विचारलं, "सून कशी आहे?"

"खोकती अजून. वाळलीया. पन तुमचा कागद हाय न्हवं! पोर तिच्यापाशीच असती."

मी तांदळातून हात काढून घेतला. पहिल्यांदाच एका माणसाला मी खुर्ची दिली आणि विचारलं, "आबा, ती बाटली भरली कशी होती?"

"लय नेमानं," आबा अभिमानानं म्हणाले. "बाटली राखंनं घासली. सुनंनं दात घासलं, सात चुळा भरल्या, मंग दिली. खोकून आल्याली घान मोठ्या मानसाला कशी द्यायची? म्याच सांगितलं तिला."

म्हणजे मी तपासली ती नुसती तोंडातली लाळ होती. आबांवर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कशाच्या जोरावर? छातीतला बेडका हवा, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. ज्या घरात पाहुण्याला पाणी द्यायचं तर तांब्या दोनदा घासतात, त्या घरानं माझा मान ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर त्यांच्या गावी गेलो. भातं कापून झाली होती, खाचरांतून पायवाटा मोकळ्या झाल्या होत्या. सून ओट्यावर बसली होती, वीस वर्षांचीसुद्धा नसेल. आतून, छातीतून खोकून बाटलीत टाक, असं सांगितल्यावर ती लाजेनं लाल झाली. "तुमच्या म्होरं?" मी पाठ फिरवून उभा राहिलो. मागं ती खोकली, बराच वेळ खोकली. ते ऐकतानाच मला उत्तर कळलं होतं.

माडीवर येऊन काचपट्टी लावली. लाल काड्या शोधाव्या लागल्या नाहीत. मग बाजारात दुकानावर जाऊन मी अब्बांना सगळं सांगितलं. ते हातातली काच तशीच धरून ऐकत होते. मग म्हणाले, "टिचकी उशिरा मारलीस, बेटा. आता जा आणि तूच सांग तिला. कागद नको पाठवूस."

गेलो. त्या काळी क्षयाला औषध नव्हतं. हवा, दूध, विश्रांती आणि नशीब, एवढंच काय ते. पुढं पोर निरोगी वाढली. तिच्या आईनं मात्र त्यानंतरचा एकच पावसाळा पाहिला. त्या दिवसापासून समोर माणूस बसवून चार गोष्टी विचारल्याशिवाय मी बाटलीला हात लावला नाही. भावकीची भांडणंही ऐकली.

पण त्या दुपारी हे काहीच ठाऊक नव्हतं. मी ओट्यावर बसून तिला सांगितलं की रोग आहे, आधीचा कागद चुकला, आणि चूक माझी आहे.

"म्या तर चांगली तीच दिलती तुमाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोसला असता.

तिची थोरली जाऊ पोर आपल्याकडं घ्यायला पुढं आली. पोर नुकतीच पिऊन झोपली होती, हनुवटीवर दूध ओघळलेलं. देण्याआधी आईनं सवयीनं, खोकताना तोंडाला लावायचा तोच पदर उचलला, तोंड पुसायला वाकली आणि मध्येच थांबली. पदर हातात तसाच धरून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"पुसू का, डाक्टर? का पदर बी न्हाई चालायचा?"

मी खिशातून माझा रुमाल काढून जावेच्या हातात दिला.