घरी न्याल ना?

ओल्या सुपारीचा वास आला की दिघीची ती दमट दुपार आठवते. मनोरुग्णालयाची समाजसेविका म्हणून मी लाँचने खाडी ओलांडून एका म्हातारीकडे गेले होते. तिच्या मुलाने वेडाच्या भरात बापाला मारलं होतं. कोर्टाने त्याला दोषी धरलं नाही, आमच्याकडे ठेवलं. आता तो बरा होता आणि त्याला सोडायचं का, हे डॉक्टर-न्यायाधीशांचं मंडळ ठरवणार होतं. “घरी न्याल ना?” मी विचारलं. सुपारी पसरणारे तिचे हात थांबले. “त्याला सगळं समजतं आता?” “हो.” “मग नको, बाय. बाप हितंच पडलेला. रोज ह्या अंगणात कसा ऱ्हाईल तो?” मंडळाने त्याचा मुक्काम वाढवला. मी सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, “आई बरी हाय ना?” नंतर अशी कितीतरी घरं झाली, हल्ली दारात गेले की आधी पाणी मागते आणि तो प्रश्न होईल तितका लांबणीवर टाकते.